उद्या दिसणार नाही असं चित्र: साताऱ्याच्या वाटांवर, घाटांवर आणि कातळावर तात्पुरती कला कशी करावी

कृष्णाकाठच्या एका घाटावरची एक पायरी दोन पावसाळे गुलाबी होती. तो रंग माझ्या हातचा. त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही दिवे लावायला गेलो होतो, तेव्हा बाजारातली रंगीत रांगोळी भरून मी तिथे मोठं कमळ काढलं. रात्री अवकाळी पाऊस आला. रांगोळीची पूड वाहून गेली, पण तिच्यात मिसळलेला रंग दगडाच्या बारीक छिद्रांत उतरला आणि बाकीचा पायऱ्यांवरून ओघळत नदीत गेला. सकाळी खराटा आणि बादली घेऊन मी दोन तास घासत होते. शेजारी कपडे धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोरी, दगडानं रंग पिला. आता घासून न्हाई निघायचा."

तेव्हापासून उघड्यावर काहीही काढायचं म्हटलं की मी पहिल्यांदा एवढंच ठरवते: हे जाणार कसं? वाऱ्याने, पावसाने, मुंग्यांनी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी, की माझ्याच खराट्याने? याचं उत्तर मिळालं की जागा, साहित्य, वेळ, मोजमाप हे सगळं त्याच्यामागून आपोआप ठरत जातं. उत्तर मिळत नसेल तर ते चित्र मी कागदावर काढते.

आपल्याकडे हे नवीन नाही. संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा तिचा मुक्काम पडतो. त्या वाटेवर पालखीच्या पुढे पुढे रांगोळ्या पडत असतात. काढणारे हात वाकून वाकून थकतात आणि मागून येणारे हजारो पाय तासाभरात सगळं पुसून टाकतात. ती रांगोळी पायांखाली जाण्यासाठीच असते. परदेशात रिचर्ड लाँग नावाच्या इंग्रज कलाकाराने १९६७ साली गवतावर एकाच रेषेत पुन्हा पुन्हा चालून पायवाटेची एक सरळ रेघ उमटवली आणि तिचा फोटो काढला. गवत उभं राहिलं की रेघ गेली. दोन्हीकडे काम करणाऱ्याने शेवट आधीच मान्य केलेला आहे.

जागा निवडताना

साताऱ्यात जागांना तोटा नाही, म्हणूनच कुठे करायचं नाही ते आधी सांगते.

कास पठारावर काहीही करू नका. ते राखीव वनक्षेत्र आहे, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे, आणि तिथल्या जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. तुम्ही चित्रासाठी बसलात तरी तिथे उगवलेलं काहीतरी तुमच्या गुडघ्याखाली चिरडलं जातं. फुलं तोडायला बंदी आहेच, पण पडलेल्या पाकळ्या गोळा करायलाही मी तिथे वाकत नाही. किल्ल्यांच्या तटबंद्या, दरवाजे, जुन्या देवळांचे आणि घाटांचे कोरीव दगड हेही सोडून द्यायचे. त्यांच्यावर पाण्याने काढलेली रेघसुद्धा नको, कारण तुमचं पाहून मागून येणारा मुलगा खडू घेऊन येतो.

वाहता डांबरी रस्ता नको. यवतेश्वरच्या घाटात वळणावर कुणीतरी फुलांचा गालिचा केलेला मी पाहिला आहे आणि त्यावरून एक मोटारसायकल घसरताना पण पाहिली आहे. रांगोळीची पूड आणि ओली पानं, दोन्ही चाकाखाली साबणासारखी वागतात.

मग उरतं काय? भरपूर उरतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या मातीच्या वाटा, जिथे पहाटे चालायला येणाऱ्यांची वर्दळ असते. कॉलनीतलं मोकळं मैदान. शाळेचं आवार. ऊस तुटून गेलेलं शेत. नदीकाठचा घडीव पायऱ्यांपासून लांबचा उघडा कातळ. आणि स्वतःच्या घराबाहेरची चार हात जागा, जी सगळ्यात दुर्लक्षित असते.

परवानगीचं थोडक्यात. शेत असेल तर मालकाला, शाळा असेल तर मुख्याध्यापकांना, गावची जागा असेल तर ग्रामपंचायतीला आणि शहरातली असेल तर नगरपालिकेला विचारा. नदीकाठी देवस्थान असेल तर पुजाऱ्यांशी बोला. भिंतीच्या बाबतीत विशेष सावध राहा. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा कायदा १९९५ पासून आहे, आणि "तात्पुरतं होतं" हे त्यापुढे कारण होत नाही. तोंडी परवानगी मिळाली तरी काय काढणार आणि कधी साफ करणार, ही दोन वाक्यं मोबाईलवर लिहून समोरच्याला पाठवून ठेवा. नंतर कुणी हटकलं तर उपयोगी पडतं.

नदीकाठी आणखी एक. वर धोम धरणातून पाणी सोडलं की कृष्णेची पातळी खाली ऊन असतानाही वाढते. कातळ कोरडा दिसतो म्हणून मुलांना पाण्याच्या कडेला बसवून निर्धास्त होऊ नका. चौकशी करून जा आणि एक मोठं माणूस फक्त पाण्याकडे बघायला ठेवा.

पहिलं काम: बदामाच्या पानांचं चक्र

नवशिक्याने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. खर्च शून्य, शेवट आपोआप, आणि हाताला लगेच शिस्त लागते.

देशी बदामाचं झाड आपल्या प्रत्येक कॉलनीत असतं. थंडीत, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, त्याची पानं गळण्याआधी रंग बदलतात. एकाच झाडाखाली हिरवट पिवळं, केशरी, शेंदरी, रक्तासारखं लाल, विटकरी आणि शेवटी चामड्यासारखं तपकिरी अशी सगळी पानं मिळतात. या पानाचा आकारही आपल्या कामाचा: टोकाकडे रुंद, देठाकडे निमुळता. म्हणजे गोलात मांडायलाच जन्मलेलं.

किती पानं लागतात? चार फूट व्यासाच्या चक्राला दीडशे ते पावणेदोनशे. आदल्या संध्याकाळी गोळा करू नका. रात्रभर पोत्यात राहिलेलं पान सकाळी वाटीसारखं वळतं. पहाटे झाडाखाली जा, झाडणाऱ्या ताई येण्याआधी. खरं तर त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर त्याच एका बाजूला ढीग करून ठेवतात. आमच्या गल्लीतल्या ताई आता लाल पानं वेगळी काढून देतात, "ही तुमची, ही माझ्या गाडीतली" असं म्हणून.

पानं आणली की आधी रंगांप्रमाणे ढीग लावा. या कामात घाई करू नका, सगळं चित्र इथेच घडतं. मी आठ ढीग करते. 'लाल' म्हणून जे एका ढिगात पडतं त्यात नीट बघितलं तर तीन लाल निघतात: जांभळ्याकडे झुकणारा, शेंदराकडे झुकणारा आणि वाळायला लागलेला. ते वेगळे ठेवले तर चक्र आतून पेटल्यासारखं दिसतं. एकत्र ठेवले तर लांबून नुसता डाग दिसतो. किडीने भोकं पाडलेली पानं टाकू नका, त्यांचा ढीग निराळा करा. ती मध्यभागी फार सुंदर दिसतात, कारण खालची माती त्या भोकांतून दिसते.

आता जागेवर. जमीन झाडून घ्या, खडे वेचा. मध्यभागी एक काडी रोवा, तिला सुतळीचा सैल फास घाला, दोन फुटांवर दुसरी काडी बांधा आणि सुतळी ताणून गोल फिरवा. सुतळी खुंटीभोवती गुंडाळली जाऊ देऊ नका, नाहीतर गोल आत आत वळत जातो. गोल झाला की तीच दोन फुटांची सुतळी परिघावर टप्प्याटप्प्याने ठेवत जा: बरोबर सहा वेळा बसते. सहा खुणांच्या मधोमध खूण केली की बारा भाग झाले. कोनमापक लागत नाही. गवंडी, सुतार आणि रांगोळी काढणाऱ्या बायका हे फार पूर्वीपासून करत आल्या आहेत.

मांडणी बाहेरून आत करायची, कौलांसारखी. सगळ्यात बाहेरच्या रांगेत पानाचं टोक बाहेर, देठ आत, आणि प्रत्येक पान शेजारच्या पानावर निम्मं चढलेलं. या रांगेला साठेक पानं लागतात. मग दुसरी रांग तिच्या आत, अशी की दुसऱ्या रांगेची टोकं पहिल्या रांगेचे देठ झाकतील. तिसरी, चौथी तशीच. सगळ्यांची चढण एकाच दिशेने ठेवा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किंवा उलट. मध्येच दिशा बदलली की डोळा तिथे अडतो. रंग बाहेर गडद आणि आत उजळ ठेवलात तर चक्र वर उचललेलं दिसतं, उलट केलंत तर विहिरीसारखं खोल दिसतं. दोन्ही करून बघा.

दोघं असाल तर दीड तास लागतो. तो सकाळी साडेआठ-नऊच्या आत संपवा, कारण ऊन चढलं की दोन गोष्टी होतात: वारा सुटतो आणि पानं कडेने वळायला लागतात. वाऱ्यासाठी बाहेरच्या रांगेतल्या दर तिसऱ्या पानाचा देठ मातीत खुपसा, किंवा बाभळीच्या काट्याने पान जमिनीला टाचा. काटे मोजून वापरा आणि मोजून परत घ्या. अनवाणी चालणारी माणसं आहेत, गुरं आहेत. डिंक, सेलोटेप, टाचण्या नकोतच.

शेवट: दुपारपर्यंत निम्मं चक्र वाऱ्याबरोबर गेलेलं असतं, संध्याकाळी शेळ्या येतात. काटे वेचून उरलेली पानं झाडाच्या बुंध्याशी टाका. झालं.

एकदा मैदानावर असं चक्र मांडत असताना चालायला आलेले एक आजोबा काठी टेकवून उभे राहिले. "कोण मोठा पाव्हणा येणार हाय काय?" मी म्हटलं, "कुणी नाही आबा, असंच." ते थोडा वेळ बघत राहिले आणि मग काठीच्या टोकाने पायाशी पडलेलं एक पान माझ्याकडे सारून म्हणाले, "ह्ये ऱ्हायलं बघ." पुढच्या आठवड्यात ते खिशातून पानं घेऊन आले.

दुसरं काम: मातीच्या पाच रंगांची रांगोळी

विकतच्या रंगांवर माझा राग का आहे ते वर सांगितलंच. त्याला पर्याय आपल्या पायाखाली आहे. साताऱ्यात अर्ध्या दिवसाच्या फेरीत पाच रंग सहज मिळतात. नदीकाठच्या रानातली काळी माती. यवतेश्वर-महाबळेश्वरकडची जांभ्याची तांबडी माती. रस्त्याच्या कडेला खणलेल्या ठिकाणचा पिवळसर मुरूम. चुलीतली राख. आणि पांढऱ्यासाठी शिरगोळ्याची, म्हणजे पांढऱ्या दगडाच्या पुडीची साधी रांगोळी, बिनरंगाची. प्रत्येकी दोन-तीन किलो पुरे. वनक्षेत्रातून नाही, रस्त्याकडेच्या सुट्या ढिगातून किंवा ओळखीच्या शेतातून घ्या.

माती तशीच चिमटीतून पडत नाही, तिला तयार करावं लागतं. आधी दोन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा. मग खलबत्त्यात किंवा जुन्या पाट्यावर कुटा, आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. तांबडी माती आणि मुरूम एवढ्यावर वापरता येतात. काळी माती मात्र चिवट. हवेतला दमटपणा पकडून तिच्या गुठळ्या होतात आणि चिमटीत अडकते. तिच्यात चार भागांना एक भाग बांधकामाची बारीक चाळलेली वाळू मिसळा, म्हणजे ती सुटी पडते. राख नेहमी पूर्ण विझलेली, दोन दिवस जुनी घ्या आणि तीही चाळा. हे सगळं करताना नाकाला ओला रुमाल बांधा. शिरगोळा काय किंवा माती काय, दगडाची धूळ छातीत जाऊ नये.

पिवळाधमक रंग हवाच असेल तर सांगलीची हळद आहे. अर्धा किलो तांदळाच्या पिठीत पन्नास ग्रॅम हळद चोळली की पिवळा मिळतो. त्यातलं निम्मं पीठ वेगळं काढून त्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला, पाण्याचे थेंब शिंपडत तळहाताने चोळा, आणि बघा: पिवळा डोळ्यांदेखत तांबूस होतो. हळदीचा रंग क्षारात बदलतो, आपलं कुंकूही पूर्वापार हळदीपासून याच गुणावर होत आलं आहे. सावलीत वाळवून पुन्हा चाळा. हळदीचा रंग कडक उन्हात टिकत नाही, एक-दोन दिवसांत फिका पडतो. घरच्या कपड्यांच्या बाबतीत ती तक्रार असते, आपल्या कामात तो गुण आहे. पीठ मुंग्या नेतात, साळुंक्या टिपतात.

फक्त फरशीवर किंवा सिमेंटवर हळद आणि गेरू वापरण्याआधी कोपऱ्यात रुपयाएवढा ठिपका देऊन रात्रभर ओला ठेवा आणि सकाळी झाडून बघा. डाग राहिला तर त्या जागेवर तो रंग नाही. ही चाचणी मी आता कधीच टाळत नाही.

काढण्याची पद्धत. दाबलेल्या मुरमाची किंवा मातीची जमीन उत्तम. आदल्या दिवशी पाणी मारून धुमसाने किंवा फळीने ठोका, सकाळी हलका सडा घाला. जमीन ओलसर असताना रेघ धरून बसते, चिखल असेल तर गिळली जाते, आणि पूर्ण कोरडी असेल तर पहिल्याच झुळकेत उडते. बोट टेकवल्यावर ठसा उमटतो पण माती बोटाला चिकटत नाही, ती योग्य वेळ.

मोठं चित्र उभ्याने आखा. लांब काठीच्या टोकाने जमिनीवर नुसती ओरखडा-रेघ मारा आणि दहा पावलं मागे जाऊन बघा. बसून आखलेलं चित्र जवळून बरोबर आणि लांबून वाकडं दिसतं. आखणी पटली की मातीने भरा: मोठ्या भागांना चाळणीतून पसरवत, कडांना पाच बोटांच्या मुठीतून सोडत, आणि शेवटच्या पांढऱ्या रेघा चिमटीतून. पांढरी नेहमी सगळ्यात शेवटी, कारण तिच्यावर दुसरा कण पडला की ती मळते. पाच फुटांचा पूर्ण भरलेला गोल करायला सगळे रंग मिळून दीड-दोन किलो लागतात, मातीचा थर जाड केलात तर जास्त. मधल्या भागापासून सुरुवात करून मागे मागे सरकत या, नाहीतर शेवटी स्वतःच मध्ये अडकता.

काय काढायचं हे तुमच्यावर. मी स्वतः जिथे काढते तिथलंच काहीतरी घेते. माहुलीला गेले की कृष्णा आणि वेण्णा, दोन रंगांचे दोन प्रवाह येऊन एक होतात तेवढंच काढते, एक काळ्या मातीचा आणि एक तांबड्या. घडीव घाटापासून दूर, वरच्या मातीवर. चैत्रात घरासमोर चैत्रांगणातली चिन्हं काढते, कारण ती आईकडून हातात आलेली आहेत आणि डोळे मिटूनही निघतात.

चमकी, थर्माकोलचे मणी, प्लास्टिकची फुलं यातलं काहीही नको. मातीतून चमकी पुन्हा वेचता येत नाही, करून बघा म्हणजे कळेल.

पाणी, सावली आणि शेवाळ

एप्रिल-मेमध्ये काळा कातळ सकाळी दहालाच तापतो. एक बादली पाणी आणि जुना रंगाचा ब्रश, नसेल तर केरसुणीचं टोक, एवढ्यात चित्र निघतं. ओला दगड गडद काळा होतो आणि रेघ अगदी शाईसारखी उठते. पाच-सात मिनिटांत वाळते. मुलांसाठी याहून चांगला खेळ मला माहीत नाही. एकाने घोड्याचं तोंड काढायचं, तोपर्यंत दुसऱ्याची शेपटी उडून जाते, आणि घोडा कधीच पुरा होत नाही. पाणी नदीचंच घ्या, पिण्याचं नको. डोक्यावर टोपी आणि अकराच्या आत घरी.

सावलीचं काम जास्त सावकाश आहे. मैदानात एकट्या झाडाची किंवा रोवलेल्या काठीची सावली सकाळी आठला शिरगोळ्याने आखा. त्याच ठिकाणी दहाला पुन्हा, बाराला पुन्हा. सावल्या एकमेकींवर चढत फुलासारखा आकार होतो. साताऱ्यात दहा मेच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो, त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीला सावलीच उरत नाही. आमच्या गल्लीतली मुलं दर वर्षी त्या दिवसासाठी काठ्या जमवतात. आखत आखत सकाळपासून आत आलेल्या रेघा शेवटी काठीच्या बुडाशी येऊन संपतात, आणि तेवढ्यात सगळे एकदम गप्प होतात.

पावसाळ्यात मातीचं काम बंद. तेव्हा भिंत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या कंपाउंडच्या भिंती हिरव्या-काळ्या होतात. स्वतःच्या भिंतीवरचं शेवाळ ठरावीक आकारात घासून काढलं की खालचा उजळ सिमेंट दिसतो आणि चित्र उमटतं. रंग लावायचा नाही, फक्त मळ काढायचा. आकारासाठी पुठ्ठा घेतला तर भिजून त्याचा लगदा होतो, म्हणून जुनी एक्स-रे फिल्म कापून साचा करा. काथ्याचा ब्रश आणि साधं पाणी. लोखंडी ब्रशने प्लॅस्टर निघतं आणि ॲसिड नदीनाल्यात जातं. रेघ दोन बोटांपेक्षा बारीक ठेवू नका, घासताना कडा पसरतात. पुढच्या पावसाळ्यात भिंत पुन्हा हिरवी होते आणि चित्र बुजतं.

इंटरनेटवर ताक, साखर आणि शेवाळ मिक्सरमधून काढून भिंतीला लावायची एक कृती फिरते, त्यातून हिरवी अक्षरं उगवतात म्हणे. मी तीन पावसाळे केली. एकदा बुरशी आली, दोनदा मुंग्या. आणि त्यासाठी कुठल्यातरी जुन्या भिंतीवरून जिवंत शेवाळ खरवडावं लागतं, तेच मला पटत नाही. हिरवंच उगवायचं असेल तर दिवाळीच्या किल्ल्यावर मुलं हळीव आणि मोहरी पेरतात ती पद्धत घ्या. ओल्या पोत्यावर खडूने आकार काढून त्यावर दाट हळीव टाका, दिवसातून तीनदा पाणी शिंपडा, चार-पाच दिवसांत हिरवी रेघ उभी राहते. शेवटी कापून कोशिंबिरीत घालता येते.

ऊसतोड झालेल्या शेताबद्दल एवढंच सांगते. पाचट पडलेलं असतं, आणि अनेक जण ते पेटवून देतात. मालकाशी बोलून त्या पाचटाच्याच ओळी, गोल, लाटा मांडा. काळ्या रानावर ते सोन्यासारखं दिसतं. नंतर तेच सरीत पसरून कुजवता येतं, म्हणजे मालकालाही फायदा. दहा गुंठ्यांत चार माणसं सकाळभर लागतात. आखायला दोन टोकांना दोरी धरणारी माणसं आणि बांधावर उभं राहून ओरडून सांगणारा एक, अशी फौज हवी.

दगडांच्या उतरंडी का नकोत

एकावर एक दगड रचलेल्या उतरंडींचे फोटो सगळीकडे दिसतात. मी त्या करत नाही, आणि करणाऱ्यांना थांबवतेही. नदीपात्रातल्या दगडाखाली मासे आणि बेडूक अंडी घालतात, किडे राहतात. दगड उचलला की त्यांचं छप्पर गेलं. डोंगरावर तर दगडाखाली विंचू असतो, फुरसं असतं. चित्रासाठी एखादा सुटा दगड हलवायचाच असेल तर आधी काठीने हलवा, हात घालू नका, आणि उलटताना दगड स्वतःकडे ओढा. म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते, आतला जीव पलीकडे पळतो आणि दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये येतो. काम झालं की दगड त्याच खड्ड्यात, तीच बाजू खाली करून ठेवा. विंचू किंवा साप चावला तर मंत्र-उपाय करत बसू नका, सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

फुलांचा नियम सोपा ठेवला आहे: झाडावरचं नाही, पडलेलं घ्यायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर, मेमध्ये गुलमोहर आणि बहावा, पावसाळ्याच्या शेवटी पहाटेचा प्राजक्त. अपवाद एकच, बाहेरून येऊन माजलेल्या झाडांचा. घाणेरीची फुलं आणि रस्त्याकडेला माजणारं पिवळं-केशरी कॉसमॉस हवं तेवढं तोडा, पण बी धरलेलं बोंड एकही बरोबर येऊ देऊ नका, नाहीतर तुम्हीच ते नव्या जागी पेराल. गाजरगवताला उघड्या हाताने शिवू नका, अंगाला खाज सुटते.

फोटो आणि साफसफाई

चित्र जाणार असल्यामुळे फोटोला महत्त्व येतं. सकाळचं तिरपं ऊन पडलेलं असताना, पानांच्या कडांना आणि मातीच्या थराला सावली असते तेव्हा काढा. दुपारचा फोटो सपाट येतो. एक फोटो वरून, स्टुलावर किंवा जवळच्या जिन्यावर उभं राहून, मोबाईल जमिनीला समांतर धरून. एक अगदी जवळून, जिथे दोन रंग भेटतात तिथला. आणि एक लांबून, आजूबाजूची माणसं, झाडं, डोंगर दिसतील असा. त्याशिवाय ते चित्र कुठेही काढलेलं असू शकतं. नाजूक जागेचा नेमका पत्ता फोटोबरोबर टाकू नका. एक चांगला फोटो शंभर गाड्या बोलावतो.

साफसफाईला मी वेगळी पिशवी नेते: खराटा, सुपली, एक रिकामं पोतं, काटे ठेवायला झाकणाची डबी, पाण्याची बाटली. मातीचे रंग एकत्र झाडून झाडाच्या आळ्यात टाकते. शिरगोळा मात्र गोळा करून घरी आणते, तो पुन्हा चाळून दोन-तीनदा वापरता येतो. पिठाची रांगोळी तशीच सोडते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्या जागी जाते. वहीत तीन गोष्टी लिहिते: काय उरलं, कुठून मोडायला सुरुवात झाली, जमिनीवर खूण राहिली का. गेल्या प्राजक्ताच्या दिवसांत तांदळाच्या पिठीची एक वेल काढली होती. सकाळी बघितलं तर मुंग्यांनी वेलीच्या एका टोकापासून पीठ न्यायला सुरुवात केली होती, रेघ सोडून एकही मुंगी इकडेतिकडे नव्हती. तीन पानं गेली होती, चौथं निम्मं. वहीत लिहिलं: "मुंग्या, डाव्या टोकाकडून. डाग नाही."